मोडी नोंदी आणि न लागणारं हस्ताक्षर : घराण्याचा शोध घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोडी या जुन्या मराठी लिपीच्या वाचनाच्या निमित्ताने लोक सतत जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या हातात तहसीलमधून आणलेली झेरॉक्स असते, नाहीतर मोबाइलवर आलेला अंधुक फोटो, आणि त्यातला एकच शब्द अडलेला असतो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. १९०१ किंवा १९३१च्या जनगणनेत पणजोबांचं नाव सापडेल का?

नाही. इंग्लंड-अमेरिकेतले लोक जनगणनेच्या घरवार याद्यांवरून वंशावळ लावतात, ते पाहून हा प्रश्न येतो. आपल्याकडे १८७२ची पहिली आणि १८८१ची देशभर एकाच वेळी झालेली जनगणना, तिथून पुढच्या सगळ्या जनगणनांची आकडेवारी छापली गेली. घरोघरी भरलेली पत्रकं आणि चिठ्ठ्या मात्र गोषवारा झाल्यावर जपल्या गेल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीय ठरली. त्यामुळे छापील अहवालात गाव, जात, धंदा, भाषा यांचे आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत.

एक अपवाद आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. १९५१च्या जनगणनेच्या वेळी गावोगाव ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’ तयार झालं, आणि ते जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरूनच उतरवलेलं होतं. काही तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात ते अजून आहे. त्यात व्यक्तीचं नाव असतं. तुमच्या तालुक्यात ते आहे का, हे आधी त्या रजिस्टरचं नाव घेऊन विचारा. ‘जुनी जनगणना द्या’ असं म्हणालात तर समोरचा ‘नाही’ म्हणेल आणि ते खरंच असेल.

त्याहून मागचं हवं असेल तर पेशवाईत काही गावांची, पेठांची खानेसुमारी, म्हणजे घरांची-माणसांची मोजणी, झाली होती. ते कागद मोडीत आहेत आणि पुणे अभिलेखागाराच्या पेशवे दप्तरात शोधावे लागतात.

२. मग नावं असलेले कागद कोणते, आणि कुठे मागायचे?

सगळ्यात उपयोगी म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. पश्चिम महाराष्ट्रात ती गाव नमुना नंबर १४ म्हणून ओळखली जाते, विदर्भात लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ही तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. त्याखालोखाल शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर, जे त्या शाळेतच असतं. जुनी गावची शाळा बंद झाली असेल तर ती कुठल्या शाळेत विलीन झाली ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कळतं. मग जमिनीचे कागद : फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, नमुना ६), वारस नोंदवही (६क), जुने सातबारे, कडईपत्रक, मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. फेरा मारण्याआधी तिथे पाहून घ्या.

याशिवाय नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे पिढ्यानपिढ्या वंशावळ सांगणाऱ्या मंडळींकडच्या वंशावळी. त्यांच्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

३. कागद मोडीत आहे की बाळबोध, हेच कळत नाही. कसं ओळखायचं?

ओळीकडे बघा. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. ही रेघ शब्दापाशी तुटत नाही. बाळबोधमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, शिरोरेषा शब्दाशब्दाला तुटते. मोडीत विरामचिन्हं नसतात, आणि ओळ संपली की शब्द मध्येच कापून पुढच्या ओळीवर जातो.

१९३० ते १९५५च्या दरम्यानच्या नोंदवह्यांत एकाच पानावर दोन्ही दिसतं. छापील रकान्यांची शीर्षकं बाळबोध, वरच्या नोंदी मोडीत, खालच्या नव्या माणसाने बाळबोधमध्ये लिहिलेल्या. त्यामुळे ‘हे मोडी नाही, नुसतं घाणेरडं अक्षर आहे’ असं ठरवायच्या आधी पूर्ण पान पाहा.

४. एका नोंदीसाठी अख्खी मोडी शिकायची का?

एकच नोंद हवी असेल तर नको, जाणकाराकडे जा (प्रश्न १७). घराण्याचा शोध पुढे चालवायचा असेल तर शिका. मुळाक्षरं आणि बाराखडी ओळखायला काही आठवडे पुरतात. घाईच्या हातातलं वाचायला मात्र सराव लागतो आणि त्याला दुसरा उपाय नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग आणि परीक्षा घेतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडीचे वर्ग झालेले आहेत.

शिकताना एक काळजी घ्या. पुस्तकातला तक्ता बहुतेक वेळा पेशवेकालीन सुबक वळणाचा असतो. तुम्हाला वाचायचा आहे तो १९१०चा तालुक्याचा कारकून, टाकाने लिहिणारा आणि घरी जायच्या घाईत असलेला. म्हणून इंग्रजी काळातल्या महसुली कागदांचे नमुने मागून त्यावरच सराव करा.

५. शब्द सुटे दिसत नाहीत, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. सुरुवात कुठून करू?

आपल्याला हव्या असलेल्या नावापासून सुरुवात करू नका. बहुतेक जण नेमकं तेच करतात. तुमच्या डोक्यात ‘सखाराम’ असेल तर कुठल्याही चार अक्षरांत सखाराम दिसू लागतो.

त्या पानावर काय असणारच आहे, ते आधी शोधा. गावाचं नाव, तालुका, महिना, ‘मौजे’, ‘मजकूर’, ‘राहणार’, ‘मयत’, ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘ताप’. जन्म-मृत्यूच्या वहीत हे शब्द प्रत्येक ओळीत, ठरलेल्या रकान्यात पुन्हा पुन्हा येतात. ते तुम्हाला आधीच माहीत आहेत, फक्त या माणसाने कसे लिहिलेत ते बघायचं आहे. गावाचं नाव ‘पिंपळगाव’ असेल तर त्यातून प, ळ, ग, व मिळाले. ‘मुलगा’मधून म, उकार, ल आणि काना. ‘राहणार’मधून र, ह, ण, आणि र-ला काना लागल्यावर हा माणूस दोन्ही कसे जोडतो ते.

ही अक्षरं एका कोऱ्या कागदावर त्याच्याच वळणात उतरवत जा. दोन-तीन पानं झाली की या लेखनिकाचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो छापील तक्त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. मोडीत काना, मात्रा, उकार अक्षराला चिकटून त्याचा आकारच बदलतात. त्यामुळे तक्त्यात नुसता ‘क’ लिहून भागत नाही, त्याचा ‘का’, ‘की’, ‘कु’ वेगवेगळा टिपावा लागतो.

म्हणूनच एका ओळीचा कापलेला फोटो पाठवू नका, असं प्रत्येक जाणकार सांगतो. पूर्ण पान, आणि जमल्यास आधीचं-नंतरचं पान पाठवा. नाव त्या एका ओळीत असलं तरी त्याची किल्ली बाकीच्या तीस ओळींत असते.

एवढं झाल्यावर बोटाने अक्षर गिरवा. लेखणी कुठून आली आणि कुठे वळली हे हाताला समजतं. ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवलंत तर आणखी बरं.

६. एकच शब्द ‘धोंडू’ पण वाटतो आणि ‘घोडू’ पण. ठरवायचं कसं?

बाळबोध हस्ताक्षरात घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व आणि ख-रव या जोड्या कायम फसवतात. शिरोरेषा अर्धवट असेल तर जास्तच. मोडीत त्यात भर म्हणजे ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि घाईच्या हातातून अनुस्वार गळतो. वर वाळूचा त्रास वेगळाच : शाई सुकवायला कागदावर वाळू टाकत, तिचे कण चिकटून राहतात आणि झेरॉक्समध्ये अनुस्वारासारखे दिसतात. मूळ कागदाला तिरपा उजेड दिला की कण उठून दिसतो.

निर्णय तीन गोष्टींवर घ्या. त्याच हातातला तोच आकार, ज्या शब्दाबद्दल शंका नाही अशा शब्दात कसा आहे? त्या गावात, त्या काळात असं नाव असतं का? आणि तोच माणूस दुसऱ्या कागदात कसा आला आहे? धोंडू हे मूल जगावं म्हणून ठेवायचं नाव, दगडू, केरू, भिकू यांच्या पंगतीतलं. गावात चार धोंडू असणं साहजिक आहे. ‘घोडू’ एखादाच असेल तर तो संशयास्पद.

तरीही निकाल लागला नाही तर शंका शंका म्हणूनच लिहा : ‘[धों?]डू’. चौकटी कंसात आपला अंदाज, कंसाबाहेर जे स्पष्ट दिसतं ते, अजिबात न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं. वहीत आपल्या हाताने एकदा ‘धोंडू’ लिहिलं की पुढच्या वर्षी तुम्हालाच ते सिद्ध झालेलं वाटणार.

७. ‘बिन’, ‘वलद’, ‘कोम’, ‘भ्र.’ म्हणजे काय?

बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘तुकाराम वलद राघोजी’ म्हणजे राघोजीचा मुलगा तुकाराम. कोम म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, म्हणजे नवरा. जमिनीच्या कागदांत ‘अ.पा.क.’ असेल तर अज्ञान पालन कर्ता, म्हणजे खातेदार सज्ञान नाही आणि पुढचं नाव पालकाचं आहे. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. भावांपैकी एकाचंच नाव दिसतं आणि बाकीचे ‘गायब’ होतात, ते बहुधा याच्यामागे असतात.

या चार-पाच शब्दांचा खरा उपयोग वाचनाच्या वेळी होतो. सलग मोडीत दोन नावं कुठे तुटतात ते सांगणारा खुंटा म्हणजे ‘बिन’. तो सापडला की डावीकडे मुलगा, उजवीकडे बाप.

८. शब्दापुढे ॥ अशा दोन उभ्या रेघा आहेत. हा अर्धा आकडा की दंड?

दोन्ही असू शकतं. अक्षरानंतर आल्या तर ते संक्षेपाचं चिन्ह : ‘मौ॥’ मौजे, ‘मु॥’ मुक्काम, ‘ता॥’ तालुका किंवा तर्फ, ‘रा॥’ राजश्री किंवा राहणार. नावाआधी आला तर राजश्री, गावाआधी आला तर राहणार, इतकं साधं धरून चाललं तरी बहुतेकदा जमतं.

आकड्यानंतर आल्या तर अपूर्णांक. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘१॥’ म्हणजे दीड. एकटी रेघ आकड्याला चिकटून आली की लोक ती १ वाचतात आणि ‘२।’ म्हणजे सव्वादोन बिघ्यांची जमीन एकवीस बिघे होते. २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर हे गणित जुळवून बघा, चूक लगेच उघडी पडते. रकमेत १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा.

आकड्यांत १ आणि ९ सगळ्यात जास्त फसवतात. अनुक्रमांकाचा रकाना पाहा. तिथे १ ते १०० क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे या लेखनिकाच्या आकड्यांचा तयार तक्ताच.

९. जन्माची नोंद सापडली पण त्यात मुलाचं नावच नाही. पान चुकलं का?

नाही. जन्म कळवला तेव्हा बारसं झालेलंच नसे. त्यामुळे बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच बऱ्याच वह्यांत असतं. हा मुलगा म्हणजे तुमचे आजोबाच, हे सांगायला शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख, भावंडांचा क्रम आणि वारस नोंद लागते. शाळेतली तारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि तारीख माहीत नसली की गुरुजी तीच लावायचे. अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे.

१०. आडनावच नाही, आणि नावही ‘रामा’. आमचे रामचंद्रराव हेच कशावरून?

आडनाव नसणं ही जुन्या कागदांतली नेहमीची गोष्ट आहे. नाव, बापाचं नाव आणि जात किंवा वतन एवढ्यावर गावाचं काम भागायचं. ‘पाटील’, ‘कुलकर्णी’, ‘चौगुले’ असं लिहिलेलं असेल तर ते आडनाव आहे की त्या घराकडचं वतन, हे बाकीच्या पानांवरून ठरवा.

रामा, रामू, रामजी, रामराव, रामचंद्र ही एकाच माणसाची नावं असू शकतात. जन्माच्या वेळी रामा, जमीन नावावर झाल्यावर रामजी, पोराने फेरफार केला तेव्हा रामचंद्रराव. गरिबाच्या नावापुढचा ‘राव’ पिकाप्रमाणे येतो-जातो. नावावर अडू नका, जमिनीचा सर्व्हे नंबर धरा. माणसाचं नाव बदलतं, पण जिराईत शेत तिथंच असतं, आणि फेरफारांची साखळी त्या शेतावरून मागे नेता येते. भूमिहीन घरांना हा आधार नसतो. त्यांच्यासाठी शाळा आणि जन्म-मृत्यू याच दोन वह्या जास्त बारकाईने पाहाव्या लागतात.

११. एका कागदात ‘गोविंद बिन रामजी’ आणि दुसऱ्यात ‘रामजी बिन गोविंद’. वाचणाऱ्याने उलटं वाचलं का?

वाचणाऱ्यावर संशय घेण्याआधी कागदांच्या तारखा पाहा. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे घट्ट आहे, त्यामुळे एकाच घरात रामजी-गोविंद-रामजी-गोविंद अशी माळ लागते. दोन कागदांत वीस-पंचवीस वर्षांचं अंतर असेल तर ते बहुधा दोन वेगळे गोविंद आहेत. त्यांना वेगळं करायला मृत्यूची नोंद आणि तिच्यामागोमाग झालेला वारस फेरफार लागतो. फेरफारात ‘मयत’ खातेदार आणि त्याच्या सगळ्या मुलांची नावं एका ठिकाणी येतात, बऱ्याचदा बायकोचंही.

दोन्ही कागद एकाच वर्षाचे असतील तर बापलेक दोघंही तेव्हा हयात असू शकतात. तीन पिढ्यांची नावं असलेला तिसरा कागद सापडेपर्यंत थांबा.

१२. तारीख ‘शके’, ‘फसली’ किंवा भलत्याच शब्दांत आहे. इसवी सन कसा काढू?

शके असेल तर ७८ मिळवा. शके १८२३ म्हणजे १९०१-०२. चैत्र ते मार्गशीर्ष ७८ चालतात, माघ-फाल्गुनाला ७९, आणि पौषात जानेवारी कधी लागला ते जुन्या पंचांगात बघावं लागतं.

निजामी राज्यातल्या फसलीत ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, म्हणजे ज्या वर्षाच्या शेवटी, १७ सप्टेंबर १९४८ला, हैदराबाद संस्थान भारतात आलं ते. महिने इराणी असतात : आजूर, दय, बहमन, इस्फंदार आणि पुढे. वर्ष आजूरपासून, ऑक्टोबरात सुरू होतं.

शिवकालीन-पेशवेकालीन कागदांत सुहूर सन येतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो, आधी एकम, मग दहम, मग शतक, मग हजार. एकम : इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहम : अशर, अशरीन, सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवा. पानिपतचा जानेवारी १७६१ याच सनात बसतो. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते.

काशी-प्रयागच्या पंड्यांच्या वहीत विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. तिथे एक खोच आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांच्या वद्य पक्षाचा महिना आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. त्यांचा फाल्गुन वद्य तो आपला माघ वद्य. श्राद्धाची तिथी जुळत नाही म्हणून लोक नोंदच खोटी ठरवतात, तेव्हा आधी हे तपासा.

१३. आमचा गाव मराठवाड्यात. कागद उर्दूत आहे, मोडीवाले हात वर करतात.

साहजिक आहे. तो विषय वेगळा आहे. निजामीच्या उत्तर काळातले महसुली कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत आणि काही मोडीत, असं मिश्रण तिथे मिळतं. वाचणारा शोधताना नुसता उर्दू येणारा पुरत नाही, शिकस्ता म्हणजे मोडतं घाईचं वळण वाचणारा हवा. त्यात नुक्ते, म्हणजे अक्षराची टिंबं, गाळलेले असतात आणि ब, प, त, न हे सगळे एकाच दातासारखे दिसतात. मराठी नावं उर्दूत लिहिली की हा घोळ दुप्पट होतो. म्हणून वाचणाऱ्याशेजारी गावची नावं, आडनावं, शिवारांची नावं माहीत असलेला माणूस बसवा. दोघं मिळून वाचतात तेव्हा कागद पटकन सुटतो. रकमांची चिन्हं अनोळखी दिसली तर ती सियाक या जुन्या फारसी हिशेबी पद्धतीची असू शकतात. ते वाचणारे आता फारच थोडे उरलेत.

१४. मृत्यूच्या कारणाचा रकाना लागत नाही.

सोपा रकाना आहे, कारण शब्द मोजकेच : ताप, खोकला, जुलाब, देवी, पटकी किंवा वाखा (कॉलरा), प्लेग किंवा गाठीचा ताप, बाळंतरोग, म्हातारपण. १८९६नंतर प्लेग आणि १९१८च्या अखेरीस इन्फ्लुएन्झा, ज्याला लोक मानमोडी म्हणत, यांची पानंच्या पानं दिसतात. एकाच आठवड्यात एका घरातली तीन नावं आली तर ती लेखनिकाची पुनरुक्ती समजू नका.

१५. फोटो कसा काढू की वाचता येईल?

फ्लॅश बंद. खिडकीशेजारी, उजेड एका बाजूने तिरपा. पान सपाट, मोबाइल बरोबर वर, पूर्ण पान एक फोटो आणि अडलेल्या भागाचे जवळून वेगळे. मग फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा. काजळाची शाई फिकी पडत नाही, पाण्याने पसरते. तिथे कॉन्ट्रास्टने फारसं होत नाही. इंग्रजी काळातली निळी-काळी शाई उडून तपकिरी होते, तिला मात्र फायदा होतो. मागच्या पानाची शाई उमटली असेल तर मागे काळा कागद सरकवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि बारीक रेघा जातात.

कागदाला पाणी, पावडर, तेल काहीही लावू नका. तो सरकारी अभिलेख आहे.

१६. जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु.’ आहे. ते कुणबीच ना?

असू शकतं, पण त्या एका अक्षरावरून नाही. पूर्ण शब्द त्याच हातात कुठे लिहिलाय का ते पाहा. लेखनिक वहीच्या सुरुवातीला ‘कुणबी’ पूर्ण लिहितो आणि दहा पानांनी कंटाळून ‘कुण.’, मग ‘कु.’वर येतो, असं पुष्कळदा दिसतं. ती उतरंड दाखवता आली तर वाचन पक्कं. त्याच वहीत ‘कुं.’ कुंभारांसाठी येत असेल आणि अनुस्वार गळलेला असेल (प्रश्न ६), तर अडचण उभी राहते. अशा वेळी त्याच बापाच्या दुसऱ्या मुलांच्या नोंदी काढा.

मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं मत स्पष्ट आहे : हव्या असलेल्या उत्तरासाठी वाचणारा माणूस वाचक नव्हे. लिप्यंतरात ‘कु.’ असेल तर ‘कु.’च लिहायचं, अर्थ खाली टिपेत.

१७. मी स्वतः वाचलेली नोंद दाखल्यासाठी चालेल का?

नाही. कार्यालयाची प्रमाणित नक्कल लागते आणि सोबत अधिकृत मोडी जाणकाराचं सही-शिक्क्याचं लिप्यंतर. पुराभिलेख संचालनालयाकडे जाणकारांची यादी असते. जातीच्या दाखल्यासाठी नोंद किती जुनी हवी, त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत : अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. नोंद त्याआधीची हवी, आणि तिथपासून तुमच्यापर्यंतची वंशावळ कागदाने जोडलेली हवी.

स्वतःचं वाचन वाया जात नाही. कुठली नक्कल मागायची ते त्याच्यामुळेच कळतं.

१८. मोबाइलवरचं ॲप मोडी वाचून देतं म्हणतात. आणि मोडी पानात मध्येच एक शब्द बाळबोध आहे, त्याचं काय?

दोन्ही प्रश्न विश्वासाचे आहेत म्हणून एकत्र. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे ती टंकता येते, पण टंकलेली मोडी आणि १९१२च्या कारकुनाची मोडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यंत्र अडलं तरी गप्प बसत नाही, काहीतरी ओळखीचं नाव देऊन मोकळं होतं. ‘मौजे’, ‘ताप’ अशा नेहमीच्या शब्दांना ठीक, विशेषनामांना मुळीच नाही.

मध्येच वेगळ्या लिपीतला, वेगळ्या शाईचा, दाटीवाटीने कोंबलेला शब्द दिसला तर तो नंतर घातलेला असू शकतो. प्रामाणिक दुरुस्तीही असते, तिच्याजवळ बहुधा सही किंवा तारीख असते. लिप्यंतरात तो शब्द द्या आणि ‘वेगळ्या हातात’ असं नोंदवा. तुम्ही लपवलंत तरी तपासणाऱ्याला ते दिसणारच.

१९. नाशिकच्या उपाध्यांच्या वहीतली वंशावळ आणि सरकारी नोंद जुळत नाही. खरं कोणतं मानू?

वहीत यात्रेकरूने स्वतः सांगितलेलं असतं, पुष्कळदा त्याच्या सहीसकट. त्यामुळे नात्यांच्या बाबतीत ती वही वरचढ, कारण बापाचं, चुलत्यांचं, आजोबांचं नाव सांगणारा घरचाच होता. तारखांच्या बाबतीत सरकारी नोंद वरचढ. वहीत आधीच्या पिढ्या आठवणीतून सांगितलेल्या असतात, त्यात एखादी पिढी सुटते किंवा दोन भाऊ बापलेक होतात. हेळव्यांच्या वंशावळीलाही हेच लागू. आणि दत्तक विसरू नका. जन्माच्या नोंदीत एक बाप, फेरफारात दुसरा, असं असेल तर वाचनाची चूक शोधत बसण्याआधी दत्तकपत्र शोधा.

२०. आमचे पूर्वज गोव्याचे. एक शाखा मॉरिशसला गेली. तिथले कागद रोमन लिपीत आहेत, तिथे हे सगळं लागू पडतं का?

पद्धत तीच, प्रश्न ५ मधली. फक्त तक्ता रोमन अक्षरांचा. गोव्यातले पोर्तुगीज कागद नावं आपल्या कानाने लिहितात : प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतिम, शेणवीचं सिनाय. पोर्तुगीज ‘एक्स’चा उच्चार श असतो हे लक्षात ठेवलं तर निम्मी आडनावं उलगडतात. पणजीच्या पुराभिलेखागारात आणि चर्चच्या नोंदवह्यांत शोध घ्यावा लागतो.

मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येकाला क्रमांक होता, सोबत बापाचं नाव, गाव, जात. मराठी नावं आधी मुंबईच्या इंग्रजी कारकुनाच्या कानातून आणि मग फ्रेंच वळणाच्या हातातून गेलेली, त्यामुळे ती मोठ्याने वाचा. डोळ्यांना न लागलेलं नाव पुष्कळदा कानाला लागतं. गावाऐवजी जिल्हाच लिहिलेला असेल तर ‘रटनाघेरी’ म्हणजे रत्नागिरी आणि ‘टन्ना’ म्हणजे ठाणे. अर्ज करताना नावापेक्षा तो क्रमांक द्या. कुटुंबात जुनं एखादं प्रमाणपत्र उरलं असेल तर त्यावर तो असतो.